तलवार, परग्रह आणि रद्दी कागद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सोर्ड अँड प्लॅनेट’ म्हणजे नेमकं काय?

पृथ्वीवरचा एक माणूस, शक्यतो लढवय्या आणि शक्यतो एकटा, काहीतरी अतर्क्य घडून दुसऱ्या ग्रहावर जाऊन पडतो. तिथे मोडकळीला आलेली प्राचीन शहरं आहेत, विचित्र जनावरं आहेत, एकमेकांच्या जिवावर उठलेली राज्यं आहेत. विमानं उडतात, पण भांडणाचा निकाल तलवारीने लागतो. एक राजकन्या असते, तिला कोणीतरी पळवलेलं असतं. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

हे नाव बरंच नंतर रूढ झालं. अमेरिकन संपादक डोनाल्ड वॉलहाइम यांना त्याचं श्रेय देतात. मूळ गोष्टी लिहिल्या गेल्या तेव्हा त्यांना कोणी काही वेगळं म्हणत नव्हतं. मासिकातली ‘धाडसाची गोष्ट’, एवढंच.

विमानं आणि किरणं आहेत, मग तलवारी कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि लेखकांनाही तो छळत होता. एडगर राइस बरोज यांच्या मंगळावर, म्हणजे तिथल्या भाषेत ‘बारसूम’वर, रेडियमच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुका आहेत. पण तिथल्या रिवाजाप्रमाणे समोरच्याने ज्या हत्याराने हल्ला केला, त्याच किंवा त्याहून हलक्या हत्याराने उत्तर द्यायचं. त्याने तलवार उपसली की तुमची बंदूक कमरेलाच राहते. पळवाट आहे, पण कथेला पुरते.

खरं कारण साधं आहे. बंदुकीची मारामारी एका ओळीत संपते, तलवारीची चार पानं चालते. तलवार चालवताना माणसं बोलतात, दमतात, घसरतात, एकमेकांचे डोळे बघतात. आणि शब्दागणिक पैसे मिळत असले तर चार पानं ही एका ओळीपेक्षा केव्हाही बरी.

सुरुवात कोणी केली?

जे रूप आपण ओळखतो ते बरोज यांचं. 1911 साली ते पस्तिशीत होते आणि हाती घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक धंद्यात त्यांनी मार खाल्ला होता. घोडदळात शिपाई, सोन्याच्या खाणीवर, रेल्वे पोलीस, आणि शेवटी पेन्सिलला टोक करायच्या यंत्रांची एजन्सी. त्या काळात मासिकांतल्या जाहिराती तपासायचं कामही त्यांच्याकडे होतं. जाहिरातींच्या आजूबाजूला छापलेल्या गोष्टी वाचून त्यांना वाटलं, असल्या भिकार गोष्टींना पैसे मिळत असतील तर मीही लिहू शकतो. लेखनाची सुरुवात इतक्या प्रामाणिक हेतूने झाल्याचं उदाहरण विरळा.

‘अंडर द मून्स ऑफ मार्स’ ही त्यांची पहिली गोष्ट ‘ऑल-स्टोरी’ मासिकात फेब्रुवारी ते जुलै 1912 क्रमशः आली. मानधन मिळालं 400 डॉलर. ‘लोक म्हणतील हा माणूस ठार वेडा आहे’ या भीतीने त्यांनी टोपणनाव घेतलं होतं ‘नॉर्मल बीन’, म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला. छापणाऱ्यांना ती चूक वाटली आणि त्यांनी ‘नॉर्मन बीन’ असं ‘सुधारून’ टाकलं. विनोद तिथेच मेला आणि पुढे बरोज स्वतःच्याच नावाने लिहू लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये टारझन आला. मंगळाची गोष्ट पुस्तकरूपाने निघायला मात्र 1917 उजाडलं. पुस्तकाचं नाव ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’.

म्हणजे बरोज यांच्या आधी कोणीच नव्हतं?

होतं, आणि इथे आपल्या पुण्याचा एक धागा निघतो. 1905 साली एडविन लेस्टर आर्नल्ड या इंग्रज लेखकाने लेफ्टनंट गलिव्हर जोन्स नावाच्या अमेरिकन नौदलातल्या अधिकाऱ्याला मंगळावर पाठवलं, तेही उडत्या गालिच्यावरून! तिथे नाजूक, आळशी, सुंदर लोक आहेत, रानटी शत्रू आहेत, पळवलेली राजकन्या आहे. बरोज यांनी ते वाचलं होतं की नाही यावर अभ्यासक अजून भांडतात.

या लेखकाचे वडील म्हणजे सर एडविन आर्नल्ड, ‘लाइट ऑफ एशिया’ हे बुद्धचरित्र लिहिणारे. 1857 च्या धामधुमीच्या काळात ते पुण्याच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य होते. तेच कॉलेज पुढे डेक्कन कॉलेज झालं. धाकट्या आर्नल्डचं लहानपण हिंदुस्थानात गेलं. मंगळावर जायला त्याला तोफ किंवा रॉकेट न सुचता गालिचा सुचला, यात कुठल्या तरी आयाच्या गोष्टीचा हात असावा, असं मला उगाच वाटत राहतं. पुरावा मागू नका.

त्याशिवाय बरोज यांच्या मागे रायडर हॅगर्ड यांच्या हरवलेल्या नगरांच्या कादंबऱ्या आहेत, ‘प्रिझनर ऑफ झेंडा’सारखी तलवारबाजी आहे आणि अमेरिकन वेस्टर्न आहे. वेस्टर्न तर पहिल्याच प्रकरणात उघड आहे. बरोज यांचा नायक जॉन कार्टर ॲरिझोनात सोनं शोधतोय, अपाची आदिवासी मागे लागतात, तो गुहेत शिरतो आणि त्याचं अंग लुळं पडतं. मग तो स्वतःच्याच निपचित देहाशेजारी उभा राहतो, बाहेर येतो, आकाशातला लाल मंगळ बघतो आणि त्याच्याकडे हात पसरतो. एक क्षण थंडी आणि अंधार. दुसरं प्रकरण संपलं, गाडी मंगळावर. बरोज स्वतः 1896-97 साली ॲरिझोनातल्या फोर्ट ग्रँटच्या घोडदळात होते. ते माळरान त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे त्यांनी त्यालाच आणखी कोरडं केलं आणि दोन चंद्र टांगले.

‘पल्प’ म्हणजे काय? ते इतकं महत्त्वाचं का?

पल्प म्हणजे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद. 1896 मध्ये फ्रँक मन्सी यांनी आपलं ‘अर्गोसी’ मासिक या कागदावर, चित्रांशिवाय, नुसत्या गोष्टींनी भरून काढलं आणि एक धंदाच उभा राहिला. साधारण सात इंच बाय दहा इंच आकार, आत खरखरीत पानं, कडा न कापलेल्या, आणि बाहेर मात्र झगझगीत रंगीत चित्र. या कागदातला लिग्निन हवेने आणि उजेडाने पिवळा पडतो, आम्लामुळे पान ठिसूळ होतं आणि दुमडलं की तुटतं. वाचायचं आणि टाकायचं, टिकवायचं नाही, असाच तो माल होता.

माझं म्हणणं असं की या प्रकाराचा जन्म मंगळावर झाला नाही, या कागदावर झाला. त्याची हाडं तपासा.

नायक एकटा का? कारण नव्या वाचकाला सगळं नवं दाखवायचं तर त्याच्यासारखाच अनोळखी माणूस हवा. जनावरं आठ पायांची का? कारण स्टॉलवर पन्नास मासिकं लटकलेली असतात आणि मुखपृष्ठाला काहीतरी लागतं. आणि दर दहा पानांनी कोणीतरी दरीत का पडतं? कारण पुढचा अंक विकायचा आहे. बरोज यांची दुसरी मंगळकथा मे 1913 च्या अंकात संपली ती अशी: एका मंदिराच्या तळाशी फिरती दालनं, प्रत्येक दालनाचं दार मंगळाच्या एका वर्षातून एकदाच समोर येणार. मंगळाचं वर्ष म्हणजे आपले 687 दिवस. नायकाची बायको आत, सोबत दोन बायका, त्यातली एक खंजीर उगारतेय, दार हळूहळू मिटतंय, धूर, किंकाळी… आणि समाप्त! पुढची गोष्ट सुरू झाली डिसेंबरमध्ये. सात महिने वाचक बिचारे दाराबाहेर उभे.

याचे तोटेही पल्पचेच. योगायोग पोत्याने येतात. नायक दार उघडतो आणि ज्याला शोधतोय तो नेमका तिथेच बसलेला. एकाच भुयारात तीनदा पकडला जातो. पुस्तक सलग वाचताना हे खटकतं, कारण ते सलग वाचायला लिहिलेलंच नाही. महिन्याला एक हप्ता वाचून बघा, जेवण पचेल.

हे सगळं विज्ञान आहे की थापा?

तेव्हाच्या वर्तमानपत्रांच्या हिशेबाने बरंचसं विज्ञान. 1877 साली इटलीच्या स्किआपरेली यांनी मंगळावर ‘कानाली’ पाहिले. त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘पाट’ किंवा ‘खाचा’ असाही होतो. इंग्रजीत तो झाला ‘कालवे’, आणि कालवे म्हटले की खणणारा आलाच. पर्सिव्हल लॉवेल या श्रीमंत अमेरिकनाने 1894 मध्ये ॲरिझोनातच फ्लॅगस्टाफला वेधशाळा बांधली आणि 1895, 1906 व 1908 अशी तीन पुस्तकं लिहून मांडलं की मंगळ सुकत चाललाय आणि तिथले शहाणे लोक ध्रुवावरच्या बर्फाचं पाणी कालव्यांनी खाली आणताहेत. अनेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नव्हतं, वाचकांना मात्र भलतंच आवडलं.

बरोज यांनी हे जसंच्या तसं उचललं: आटलेले समुद्र, त्यांच्या तळावर पिवळट शेवाळ, कालव्यांकाठची शेती, विरळ होत चाललेली हवा आणि ती पुरवणारा एक कारखाना. हवेच्या कारखान्याची कल्पना आजही अंगावर येते. तो बंद पडला की सगळा ग्रह गुदमरणार, आणि आतलं दार उघडायची खूण मोजक्याच लोकांना ठाऊक. मंगळाचं गुरुत्व आपल्या 38 टक्के, म्हणून कार्टर पहिलं पाऊल टाकतो आणि उडतोच. आधी तोंडावर आपटतो, मग लांब उड्या मारायला शिकतो. 1938 मधला पहिला सुपरमॅनही उडत नसे, उड्या मारत असे, आणि त्याच्या निर्मात्यांपैकी जेरी सीगल यांनी कार्टरचं ऋण मान्य केलं आहे.

विमानं वर नेणारा ‘आठवा किरण’ मात्र शुद्ध थाप. पण थाप छान आहे.

नुसती मारामारीच असते का?

बरीचशी तीच असते. पण 1913 च्या त्या दुसऱ्या कथेतला एक भाग मराठी वाचकाला थबकवेल. मंगळावरची माणसं हजारेक वर्षं जगतात आणि मग स्वखुशीने इस नावाच्या नदीतून शेवटच्या यात्रेला निघतात. नदीच्या टोकाला स्वर्ग आहे, अशी श्रद्धा. तिथून परत येणं निषिद्ध, आणि कोणी आलाच तर त्याला ठार मारतात. कार्टर चुकून त्या स्वर्गातच उतरतो आणि बघतो तर किनाऱ्यावर यात्रेकरूंना फाडून खाणारे राक्षस, आणि वर कड्यांमध्ये या सगळ्यावर पोसलेले पुजारी. गंमत म्हणजे ते पुजारीही फसलेलेच असतात. त्यांच्या डोक्यावर आणखी एक जमात बसलेली असते, आणि तिची देवी म्हणजे एक जख्ख, दुष्ट म्हातारी.

काशीला जाऊन देह ठेवण्याची इच्छा घरातल्या कोणाच्या तोंडून ऐकलेल्याला हे वाचताना वेगळंच वाटतं. बरोज यांच्या डोळ्यांसमोर काशी असण्याचं कारण नाही. पण श्रद्धेच्या टोकाला दुकान असतं, ही त्यांची खूण आपल्याला परकी नाही.

नायक दक्षिणेच्या गुलामशाहीच्या बाजूने लढलेला. हे खटकत नाही?

खटकतं, आणि खटकावंच. जॉन कार्टर व्हर्जिनियाचा, कॉन्फेडरेट, म्हणजे अमेरिकन यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैन्यातला कॅप्टन. पहिल्या प्रकरणातले अपाची म्हणजे केवळ ‘रानटी’. गोरा माणूस येतो, सगळ्यांपेक्षा बलवान ठरतो आणि थेट सेनापती होतो, हा साचा वसाहतवादी आहे यात शंका नाही.

तरी गोष्ट त्या साच्यात पूर्ण मावत नाही. राजकन्या डेजा थोरिस तांबड्या वंशाची आहे, आणि तो वंश जुन्या गोऱ्या, काळ्या आणि पिवळ्या वंशांच्या मिसळीतून झालेला, ग्रहावरचा सर्वांत सुसंस्कृत वंश आहे. 1912 च्या अमेरिकेत हे छापून येणं साधं नव्हतं. कार्टरचा जिवलग मित्र टार्स टार्कस हा चार हातांचा, पंधरा फुटी हिरवा योद्धा आहे. त्याच्या जमातीत मुलं सामायिक असतात, माया करणं हा कमकुवतपणा समजतात, आणि हा गडी आपल्या मेलेल्या प्रियेची आठवण मनात लपवून ठेवतो. माझ्या मते पहिल्या पुस्तकातलं सर्वांत खरं माणूस तेच.

बायका फक्त पळवल्या जाण्यासाठीच असतात का?

बरोज यांच्याकडे बऱ्याचदा तसंच. म्हणून त्यांच्यावर थांबू नका.

सी. एल. मूर या बाईंची पहिली गोष्ट नोव्हेंबर 1933 च्या ‘वीअर्ड टेल्स’मध्ये आली. त्यात नॉर्थवेस्ट स्मिथ हा कणखर गडी मंगळावरच्या गर्दीतून एका मुलीला वाचवतो, आणि मग कळतं की वाचवायची गरज त्यालाच होती. सुटकेचा सगळा साचा एका गोष्टीत उलटा.

आणि ली ब्रॅकेट! ‘प्लॅनेट स्टोरीज’ हे 1939 ते 1955 चाललेलं मासिक या बाईंमुळे लक्षात राहतं. त्यांच्या मंगळावर धूळ आहे, थकवा आहे, पृथ्वीवरून आलेल्या व्यापाऱ्यांबद्दलचा मुरलेला राग आहे. त्यांचा नायक एरिक जॉन स्टार्क अनाथ आहे, बुधावरच्या आदिवासींनी वाढवलेला, आणि त्याला ‘सुसंस्कृत’ माणसांचा भरवसा वाटत नाही. म्हणजे कार्टरच्या बरोबर उलट टोक. याच ब्रॅकेट यांनी 1946 च्या ‘द बिग स्लीप’ या सिनेमाच्या पटकथेवर विल्यम फॉकनर यांच्यासोबत काम केलं, आणि मार्च 1978 मध्ये मृत्यूच्या थोडं आधी ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या सिनेमाचा पहिला खर्डा लिहून दिला.

स्पेस ऑपेरा किंवा सोर्ड अँड सॉर्सरी यांच्याशी फरक काय?

स्पेस ऑपेरात यानं महत्त्वाची, इथे जमीन. सोर्ड अँड सॉर्सरीत जादू असते, इथे जादूसारखं काही दिसलं तरी त्याला किरणाचं किंवा यंत्राचं नाव देतात. सीमारेषा कच्ची आहे, त्यावरून भांडू नये.

खरी यानं मंगळापाशी पोहोचल्यावर काय झालं?

जुलै 1965 मध्ये मरिनर 4 मंगळाजवळून गेलं आणि त्याने 22 चित्रं पाठवली. कालवे नाहीत, शहरं नाहीत, चंद्रासारखे खड्डे. शुक्राची भट्टी तर 1962 मध्येच मरिनर 2 ने उघडी पाडली होती.

मौज अशी की नेमक्या त्याच वर्षांत बरोज पुन्हा तुफान खपत होते. त्यांच्या काही पुस्तकांच्या हक्कांचं नूतनीकरण राहून गेलं होतं. ते ध्यानात येताच साठीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन पेपरबॅक प्रकाशकांनी छापायचा सपाटा लावला. एस प्रकाशनासाठी रॉय क्रेन्केल आणि फ्रँक फ्रॅझेटा यांनी चित्रं काढली. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मला मिळालेली पहिली प्रत त्यातलीच. मुखपृष्ठावर किंमत सेंटमध्ये, आत कुठल्या तरी सर्क्युलेटिंग लायब्ररीचा जांभळा शिक्का, आणि शेवटचं पान गायब. लायब्ररीच्या पुस्तकाचं शेवटचं पानच का जातं, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

लेखकांनी वाटा काढल्या. मायकेल मूरकॉक यांनी 1965 मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या तीन पुस्तकांत नायकाला मंगळाच्या अतिप्राचीन भूतकाळात पाठवलं. ही युक्ती ब्रॅकेट यांनी 1949 मध्येच वापरली होती. केनेथ बुल्मर यांनी 1972 पासून ॲलन बर्ट एकर्स या नावाने पन्नासाहून जास्त कादंबऱ्यांची माळ लावली. त्यांचा ग्रह अँटारेसभोवती फिरतो, म्हणजे आपल्या वृश्चिकेतल्या ज्येष्ठाभोवती. उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर झोपलात तर दक्षिणेला तो तांबूस तारा सहज दिसेल.

याचा ‘स्टार वॉर्स’शी काही संबंध?

सरळ वंशावळ आहे. कार्टरच्या छायेत 7 जानेवारी 1934 ला ॲलेक्स रेमंड यांची ‘फ्लॅश गॉर्डन’ ही चित्रमालिका सुरू झाली. जॉर्ज लुकास यांना फ्लॅश गॉर्डनवरच सिनेमा करायचा होता. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्यांनी स्वतःचं विश्व रचलं. प्रकाशाची का होईना, तलवार राहिलीच.

मग 2012 चा ‘जॉन कार्टर’ का पडला?

माझं मत: शंभर वर्षं उशीर. ज्यांनी नक्कल केली ते आधी येऊन गेले होते, त्यामुळे मूळच नक्कल वाटलं. त्यात नावातून ‘मंगळ’ काढून टाकलेला, मग हा कार्टर कोण, कुठला, प्रेक्षकाला कळणार कसं? डिस्नेने सुमारे 20 कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. सिनेमा त्या आकड्याइतका वाईट नाही. वूला हा दहा पायांचा कुत्रा तर झकास उतरलाय.

मराठीत असं काही आहे का?

पल्प होतं आणि जोरात होतं. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा, झुंजार आणि काळा पहाड, त्याच स्वस्त कागदावर, त्याच वेगाने. अद्भुतरम्य कादंबरीची परंपरा त्याहून जुनी. पण ती तलवार ऐतिहासिक कादंबरीकडे वळली, आणि परग्रह नारळीकरांच्या पिढीच्या विज्ञानकथेकडे गेला. दोघांची गाठ पडायची राहिली. बाहेरून आलेला फ्लॅश गॉर्डन इंद्रजाल कॉमिक्समधून मात्र मराठी मुलांनी वाचला, वेताळाच्या मागोमाग.

कुठून सुरुवात करू? फुकट वाचणं कायदेशीर आहे?

बरोज यांच्या पहिल्या तीन मंगळकथा एक समजून सलग घ्या, मग ब्रॅकेट. अकराच्या अकरा बारसूम पुस्तकं वाचायची गरज नाही. पुढे पुढे तेच ते होतं.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. बरोज 1950 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांचा हक्क इथे 2010 अखेर संपला. वाचा, मराठीत आणा, छापा. ब्रॅकेट यांच्यासाठी मात्र 2038 संपेपर्यंत थांबावं लागेल, नाहीतर परवानगी घ्या.

बारसूमवरचं ते बुद्धिबळ खरंच खेळता येतं का?

येतं. खेळाचं नाव जेतान. 1922 च्या ‘चेसमेन ऑफ मार्स’मध्ये बरोज यांनी नियम शेवटी जोडले आहेत. दहा बाय दहाचा पट, काळी आणि नारिंगी घरं, प्रत्येकाकडे वीस मोहरे. कादंबरीत तो जिवंत माणसांनी खेळतात आणि प्रत्येक घरासाठी तलवारी चालतात. आपण पुठ्ठ्यावर भागवू. प्रतिस्पर्ध्याची राजकन्या पकडली की डाव जिंकला. ती स्वतः कोणाला मारू शकत नाही, धोक्याच्या घरात जाऊ शकत नाही. पण संपूर्ण डावात एकदा, तिला वाटेल तेव्हा, दहा घरं दूर निसटायची मुभा आहे. त्या चालीसाठी तिला सोडवणारा कोणी सरदार लागत नाही.